फिक्या चहाची गोडी



चहा फिका झाला असे आपल्याकडे कोणी म्हटले, की ती करणाराच्या हाताची निंदा समजली जाते. साखर बेताची पडली, पत्ती नीट उकळली नाही किंवा दूध पाणचट निघाले, यांपैकी काहीतरी बिघडले आहे असा त्याचा अर्थ. डॉक्टरांनी ज्याला साखर वर्ज्य केली आहे, त्याच्या कपाकडे तर आपण आजाऱ्याकडे पाहावे तसे पाहतो. आज ज्या चहाविषयी मी आपणाशी बोलणार आहे, त्यात साखर नाही, दूध नाही, आले नाही, वेलदोडा नाही, गवती चहाची पातसुद्धा नाही. आपल्या व्याख्येने तो फिकाच ठरेल. परंतु जगाला चहा प्यावयास ज्यांनी शिकविले, त्या चिनी लोकांनी हा फिकेपणा समजून उमजून पत्करला आहे. मीठ, मसाले, कापूर हे सारे एके काळी त्यांच्याही चहात होते. शेकडो वर्षांच्या अवधीत त्यांनी ते एकेक करून काढून टाकले, आणि मागे जे उरले त्यात त्यांना निराळीच गोडी सापडली.

आपला 'चहा' हा शब्दही मूळचा त्यांचाच. चीनच्या बहुतेक प्रांतांत या वस्तूला 'छा' म्हणतात. खुष्कीच्या मार्गाने तो शब्द इराणात जाऊन 'चाय' झाला. मकाव बंदरात वखार घालून बसलेल्या पोर्तुगीजांनीही तोच उचलला. फूच्येन प्रांताच्या किनाऱ्यावर मात्र 'ते' असा उच्चार होता. डच व्यापाऱ्यांचा माल तेथून भरला जाई, म्हणून युरोपच्या पश्चिमेकडे 'ते' आणि 'टी' गेले. एखाद्या देशाचे लोक चहाला काय म्हणतात यावरून तो त्यांच्याकडे कोणत्या वाटेने आला हे बरेचसे सांगता येते.

चहाचा शोध शेन्नुंग नावाच्या सम्राटाने इसवी सनापूर्वी २७३७ साली लावला, अशी एक आख्यायिका चिनी लोक सांगतात. आख्यायिकेला इतके नेमके साल असले की मला तिच्याविषयी थोडी शंकाच येते. त्यापेक्षा भक्कम पुरावा जमिनीखाली मिळाला आहे. इसवी सनापूर्वी १४१ साली मरण पावलेल्या चिंग या हान सम्राटाच्या समाधीत, आजच्या शीआन शहराजवळ, धान्याबरोबर काही काळपट पाने सापडली. ती चहाचीच होती असे रासायनिक परीक्षेनंतर २०१६ साली प्रसिद्ध झाले. राजाने परलोकी बरोबर न्यावा इतका मान चहाला त्या काळीही होता तर!

पण चहाला शास्त्र दिले ते लू यू या माणसाने. हा जन्मला ७३३ साली. तो अनाथ होता; एका बौद्ध मठाच्या प्रमुखाने त्याला वाढविले. पोराने धर्मग्रंथ पढावे ही गुरूची इच्छा, आणि पोराला त्याचा कंटाळा. शेवटी तो मठातून पळाला व नाटक मंडळीत शिरून विदूषकाची कामे करू लागला. पुढे हाच मनुष्य हूचौ येथे स्थायिक झाला आणि त्याने 'छा-चिंग' हा दहा प्रकरणांचा लहानसा ग्रंथ लिहिला. केवळ चहाला वाहिलेला जगातील हा पहिला ग्रंथ. रोपाची लागवड, पाने खुडण्याची हत्यारे, चोवीस प्रकारची भांडी, पाणी, विस्तव असे सारे त्यात आहे. डोंगरातील झऱ्याचे पाणी उत्तम, नदीचे मध्यम आणि विहिरीचे कनिष्ठ, ही त्याचीच प्रतवारी. पाण्याला आधण येते त्याच्या त्याने तीन अवस्था सांगितल्या. पहिलीत माशाच्या डोळ्याएवढे बुडबुडे दिसतात, दुसरीत भांड्याच्या कडेने मोत्यांची माळ चढते, तिसरीत लाटा उसळतात. दुसऱ्या अवस्थेत पळीभर पाणी काढून ठेवावयाचे, चहाची पूड टाकावयाची, आणि लाटा उसळल्या की तेच पाणी पुन्हा ओतून उकळी शांत करावयाची. आपल्या घरी दूध वर आले की पाण्याचा हबका मारतात, त्यातलाच हा प्रकार. पण लू यूने त्याचा विधी केला.

त्या काळी लोक चहात कांदा, आले, बोरे, संत्र्याची साल, पुदिना असे काय काय घालून तो कढणासारखा उकळीत. लू यूला याचा विलक्षण तिटकारा. असले पेय गटारात ओतण्याच्याच लायकीचे, असा त्याचा अभिप्राय आहे. आल्याच्या चहाचे भोक्ते जे श्रोते असतील त्यांनी रागावू नये. लू यू स्वतःही चिमूटभर मीठ घालीतच असे! सर्व काही एकदम सोडणे त्यालाही साधले नाही. तरी वाट त्याने दाखविली. या पानाला स्वतःची चव आहे, तिच्या आड काही येऊ देऊ नये, हे त्याने प्रथम ठासून सांगितले.

सुंग राजवटीत मीठ गेले. चहाच्या वड्या दळून त्यांची पूड काळ्या वाडग्यात घालीत, वर गरम पाणी ओतून बांबूच्या घुसळणीने फेस काढीत. फेस पांढराशुभ्र असावा आणि तो उठून दिसावा म्हणून वाडगे काळे. कोणाचा फेस अधिक वेळ टिकतो याच्या पैजा लागत. दरबाराकडे जाणाऱ्या वड्यांत सुवासासाठी थोडा कापूर मिसळीत. पण ज्या मुलखात तो चहा पिके तेथले लोक आपल्या पैजांच्या वेळी कापूर घालीत नाहीत, कारण त्याने चहाचा खरा वास लोपतो, अशी नोंद त्साय श्यांग या अधिकाऱ्याने अकराव्या शतकात करून ठेवली आहे. खेड्यातल्या माणसांची जीभ राजाच्या जिभेहून चोखंदळ होती, असे मला यावरून वाटते. पुढे ११०७ साली खुद्द ह्वेत्सुंग या सम्राटाने चहावर प्रबंध लिहिला. चित्रकार, लिपिकार आणि चहाचा मर्मज्ञ म्हणून हा मोठा. राज्यकर्ता म्हणून त्याची कथा दुःखाची आहे. ११२७ साली उत्तरेकडील जुर्चेन लोकांनी त्याला कैद करून नेले आणि त्याच बंदिवासात तो मेला. घुसळलेल्या चहाची ही पद्धत चीनमधून नंतर नाहीशी झाली. जपानने ती जतन केली; ११९१ साली एइसाई हा भिक्षू चीनमधून परतला, तेव्हा तो तिचा संस्कार बरोबर घेऊन गेला होता.

चीनमध्ये ती नाहीशी होण्यास एक राजाज्ञा बरीचशी कारण झाली. मिंग वंशाचा संस्थापक शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला होता. वड्या पाडण्याच्या सोपस्कारात प्रजेची किती पिळवणूक होते हे त्याला ठाऊक होते. १३९१ साली त्याने फर्मान काढले की दरबारास यापुढे वड्या नकोत, सुटी पाने पाठवावीत. एका फर्मानाने कांडप, दळण, साचे, घुसळणी ही सारी अवजारे मागे पडू लागली. सुटी पाने गरम पाण्यात सोडावयाची आणि पाणी प्यावयाचे, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी कृती तेव्हापासून सर्वत्र रूढ झाली. पाने घालावयास भांडे हवे, म्हणून चहादाणी आली. यीशिंग गावच्या जांभळट मातीच्या, बिनचकाकीच्या, मुठीत मावतील एवढ्या चहादाण्या आजही रसिक जिवापाड जपतात. ही माती किंचित सच्छिद्र असते व चहाचा अंश पिऊन घेते. म्हणून जाणते लोक एका चहादाणीत एकाच जातीचा चहा करतात, आणि तिला साबण कधी लावीत नाहीत.

आता प्रत्यक्ष पानाकडे येऊ. हिरवा, पांढरा, पिवळा, ऊलुंग, तांबडा आणि काळा असे चहाचे सहा वर्ग चीनमध्ये मानतात. आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला ते तांबडा म्हणतात, कारण त्यांची नजर कपातल्या रंगावर असते. सहाही वर्ग एकाच वनस्पतीचे. सफरचंद चिरून ठेवले की थोड्या वेळाने तपकिरी पडते. चहाचे पान चुरगळले की त्यातही तेच घडते. हा बदल मुळातच थांबविला तर हिरवा चहा, पुरता होऊ दिला तर तांबडा, अर्ध्या वाटेवर अडविला तर ऊलुंग. पांढऱ्या चहात कळ्या नुसत्या सुकवितात. पिवळ्यात शेकलेली पाने दमट असतानाच काही काळ झाकून ठेवतात. काळा म्हणजे फू-अरसारखा मुरविलेला चहा. युन्नान प्रांतात त्याच्या ३५७ ग्रॅमच्या चकत्या करतात आणि त्या वर्षानुवर्षे ठेवून विकतात.

हिरव्या चहात हांगचौच्या पश्चिम सरोवराजवळचा लुंगचिंग, म्हणजे 'ड्रॅगनच्या विहिरीचा', सर्वांत नावाजलेला. ५ एप्रिलच्या सुमारास चिनी लोकांचा पितरांचा सण येतो. त्याच्या आधी खुडलेली पाने सर्वोत्तम समजतात, आणि याला नुसती रूढी कारण नाही. चहाच्या मुळांत एक गोडसर चवीचे द्रव्य तयार होऊन कोवळ्या शेंड्यांकडे चढते. जसजसे ऊन कडक होते तसतसे त्याचे तुरट द्रव्यात रूपांतर होते. वसंताच्या आरंभी ऊन सौम्य, वाढ मंद, म्हणून गोडी अधिक. पंधरा दिवसांत भाव उतरतो तो यामुळे.

ही पाने मोठ्या लोखंडी कढईत उघड्या हाताने शेकतात. झारा नाही, उलथणे नाही. तापल्या लोखंडावर तळहाताने पाने दाबावयाची, सरकवावयाची, उचलावयाची, हलवून पुन्हा सोडावयाची. या हस्तक्रियेचे दहा प्रकार परंपरेने मोजले आहेत. पानात ओल किती उरली आहे हे हातालाच कळते आणि त्याप्रमाणे क्रिया बदलते. चार-पाच किलो ओल्या पानांचा जेमतेम एक किलो चहा होतो. शेवटी प्रत्येक पान चपटे, सरळ आणि गुळगुळीत उतरते. आकाशवाणीवरून सुवास पाठविता येत नाही, याचे मला अशा वेळी वाईट वाटते. ताज्या भाजलेल्या हरभऱ्याची आणि कोवळ्या मटाराच्या शेंगेची एकदम आठवण यावी, एवढेच मी सांगू शकतो. आता यंत्रेही हे काम करतात, आणि बाजारातील बराच माल यंत्राचाच असतो. कढईवर बसून उमेदवारी करावयास तरुण मुले सहजी तयार होत नाहीत, यात नवल नाही.

ऊलुंगाचे कौशल्य हाताइतकेच नाकाचे. फूच्येनच्या वूयी पर्वतात, खडकांच्या कपारीत वाढलेल्या झुडपांची पाने बांबूच्या सुपांत घालून रात्री पुन्हा पुन्हा हलवितात. पानांच्या कडा एकमेकींवर घासून दुखावतात व तांबूस होतात. मधला भाग हिरवाच राहतो. गवताचा वास जाऊन फुलाचा येऊ लागला, की कारागीर तेथेच क्रिया थांबवितो. तो क्षण चुकला तर दिवसाची खुडणी वाया. पुढे ही पाने कोळशाच्या मंद धगीवर भाजतात.

असा चहा प्यावा कसा, हे छाओचौ गावाच्या लोकांनी सांगावे. तेथल्या पद्धतीला 'कुंगफू छा' म्हणतात. कुंगफू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मारामारी येते. पण त्या शब्दाचा अर्थ वेळ आणि कष्ट देऊन कमावलेले कौशल्य असा आहे. चहादाणी संत्र्याएवढी, तीत निम्म्याहून अधिक पाने, आणि पेले घोटभराचे. पहिले पाणी पाने धुण्यापुरते. ते ओतून देतात. मग उकळते पाणी घालून मोजक्या क्षणांत चहा पेल्यांत उतरवितात. तो उतरविताना चहादाणी पेल्यांवरून गोल गोल फिरते, म्हणजे कोणाला पातळ व कोणाला दाट असे होत नाही. शेवटचे थेंबही प्रत्येकाला सारखे वाटून देतात. या क्रियांना जुन्या सेनापतींची नावे आहेत. एकात सेनापती नगरात गस्त घालतो, दुसरीत सैनिक मोजतो. पाहुणे कितीही असोत, पेले बहुधा तीनच. मग एकमेकांना आग्रह करणे आलेच, आणि गप्पाही आल्या.

आपल्याकडे भुरका मारणे असभ्य. येथे ते आवश्यक आहे, कारण घोटाबरोबर हवा आत गेली म्हणजे सुवास घशाच्या मागून नाकात चढतो. पहिल्या घोटाला नवख्याची जीभ तक्रार करते, हे मी लपविणार नाही. कडसर लागते, साखरेची वाट पाहणाऱ्या जिभेची निराशा होते. पण घोट गिळल्यावर थोडे थांबावे. घशातून हळूहळू एक गोडी वर येते. चिनी लोक तिला 'ह्वेकान' म्हणतात; परतून आलेली गोडी. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जी गोडी वाटते तिच्या जातीची. आवळ्याचा हा गुण ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहे, त्या आपल्या लोकांना ह्वेकान समजावयास अडचण पडू नये. तीच पाने सात-सात, आठ-आठ वेळा पाणी घेतात, आणि दर खेपेस चव पालटते. तिसरा-चौथा पेला बहुधा सर्वांत चांगला.

मग हे सारे आपल्याकडे का आले नाही? झाड तर आले. चिनी चहासाठी इंग्लंडची चांदी कॅन्टनला वाहत होती, आणि चीनला इंग्रजी माल फारसा नको होता. तो तोटा भरून काढला हिंदुस्थानच्या अफूने. बंगालची अफू कलकत्त्याहून, माळव्याची मुंबईहून जाई. मुंबईच्या अनेक पेढ्या या व्यापारावर गबर झाल्या. सर जमशेटजी जीजीभाई यांनी तरुणपणी चीनच्या पाच सफरी केल्या. कापूस आणि अफू यांवर मिळविलेल्या संपत्तीतून त्यांनी जो दानधर्म केला, त्यात १८४५ साली उघडलेले मुंबईचे रुग्णालयही आहे. १८३९ साली लिन त्सशू या अधिकाऱ्याने अफूच्या वीस हजारांहून अधिक पेट्या नष्ट केल्या, त्यातून युद्ध पेटले आणि १८४२ च्या तहाने हाँगकाँग इंग्रजांकडे गेले.

तरीही चहासाठी चीनवर अवलंबून राहणे कंपनीला नको होते. १८४८ साली तिने रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतिशास्त्रज्ञास धाडले. लांब वेणी लावून, चिनी वेष करून तो परक्यांना मज्जाव असलेल्या चहाच्या मुलखात शिरला. काचेच्या बंद पेट्यांतून त्याने हजारो रोपे आणि बिया हिमालयाच्या मळ्यांकडे पाठविल्या. चिनी कारागीरही आणले. त्याच्या वृत्तान्तात एक गोष्ट मोठी बोलकी आहे. निर्यातीच्या हिरव्या चहाला कारागीर निळा रंग आणि जिप्समची पूड चोळीत होते. शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून अधिक! ते स्वतः असला चहा पीत नसत. परदेशी गिऱ्हाइकाला गडद हिरवा माल आवडतो म्हणून हा खटाटोप.

आसामात चहाची झाडे मुळातच होती, आणि तेथल्या जातीचा कस दाट. साखर-दूध घालून पिणाऱ्या इंग्रजी बाजाराला ती मानवली. १९३० च्या सुमारास पाने चिरडून, फाडून त्यांचे गोळे वळणारे यंत्र निघाले, आणि आज भारतात होणाऱ्या चहाचा फार मोठा भाग त्याच रीतीने तयार होतो. तो दुधासाठीच घडविलेला आहे. साखर-दुधावाचून तो कडू लागतो, हा त्याचा दोष मी मानीत नाही. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला त्याच्याइतका आधार दुसऱ्या पेयाचा नाही. पण चहा म्हणजे एवढेच, ही समजूत मात्र आपण करून घेतली.

चीनमध्ये आज उलट संकट आहे. तेथे चहाला मान आहे, पण पुष्कळदा तो नावाला आहे. वूयीच्या एका कड्यावर 'ता हुंग फाओ', म्हणजे मोठा लाल झगा, या चहाची सहा जुनी झुडपे आहेत. त्यांची पाने लिलावात सोन्याच्या कितीतरी पट भावाने गेली. २००६ पासून त्यांची खुडणी थांबविली आहे, आणि अखेरच्या चहापैकी २० ग्रॅम २००७ साली पेकिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले गेले. त्याच २००७ मध्ये फू-अरचा बाजार कोसळला. चहाच्या चकत्या रोख्यांसारख्या साठवून बसलेले लोक बुडाले. खऱ्या लुंगचिंगचा प्रदेश अवघा १६८ चौरस किलोमीटर ठरविलेला आहे, आणि त्या नावाने दूरदूरची पाने विकली जातात. २०२२ साली युनेस्कोने चीनच्या चहा करण्याच्या परंपरागत कलांना मानवजातीच्या वारशात स्थान दिले, हे चांगलेच झाले. पण कढईवर हात भाजून घेणाऱ्या कारागिराला त्याच्या चहाचे मोल द्यावयाचे, तर घेणाऱ्याला तो यंत्राच्या चहाहून ओळखता आला पाहिजे. रेशमी अस्तराच्या पेटीला पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर तो हात फार दिवस टिकेल, असे मला वाटत नाही.

आपण काय करावे? महाग पेटीच्या मागे लागू नये. चिनी चहा मिळाला तर थोडासाच, पन्नास ग्रॅम घ्यावा. न मिळाला तर दार्जिलिंगचा वसंतातला, अखंड पानाचा घ्यावा. तेथल्या जुन्या मळ्यांत चिनी वंशाचीच झुडपे आहेत. पाणी उकळून खाली उतरवावे, आणि पान हिरवे असेल तर चार-पाच मिनिटे निवू द्यावे, नाहीतर कोवळे पान होरपळते. काचेच्या पेल्यात चमचाभर पाने, वर पाणी, आणि दोन मिनिटे नुसते पाहणे. पाने आधी तरंगतात, मग एकेक करून उभी राहतात आणि सावकाश तळाशी बसतात. चहा सगळा संपू न देता तिसरा हिस्सा उरला की पुन्हा पाणी घालावे. बरोबर चिवडा किंवा भजी नसावी. त्यांच्यापुढे या चहाचे काही चालत नाही.

तिसरे पाणी पिऊन झाले, की उरलेली पाने पांढऱ्या बशीत पसरून पाहावीत. चिनी परीक्षक हे न चुकता करतात. पाने सबंध आहेत की चुरा झालेली, कळी देठाला जोडलेली आहे की नाही, ऊलुंग असेल तर कडेची तांबूस रेघ सर्व पानांवर सारखी उतरली आहे का, हे सारे तेथे उघड दिसते. दुकानदाराने सांगितलेल्या गोष्टीपैकी खरी किती तेही तेथेच कळते. एवढे पाहून झाल्यावर ती पाने कुंडीत घालावीत. गुलाबाला ती चांगली मानवतात.